कसर

तहसील कचेरीत छत्तीस वर्षे कारकुनी करून अव्वल कारकून या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या माणसाला घरात एरवी कोणी काही विचारीत नसले, तरी पंचनाम्याचा प्रसंग आला म्हणजे त्याची आठवण होते. मागे एका मार्गशीर्षात खोपोलीचे एक जवळच्या नात्यातले लग्न निघाले, त्यासाठी पैठणी काढावी म्हणून आमच्या सौभाग्यवतींनी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उतरविण्याचा हुकूम सोडला. ट्रंक उतरली, कडी निघाली, झाकण उघडले, आणि डांबराच्या गोळ्या, जुनी लोकर व चार पावसाळ्यांची कोंडलेली ओल यांच्या संमिश्र दर्पाबरोबर एक फिकट सोनेरी, भाताच्या दाण्याहूनही लहान पाखरू, उडावे की न उडावे याचा निर्णय लागलेला नसल्यासारखे, ट्रंकेच्या काठावरून तुरुतुरु धावत अंधाऱ्या कोपऱ्यात नाहीसे झाले. सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, "अहो, इकडे या जरा. आणि येताना चष्मा घेऊन या."

आमचे घर कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांच्या शिवेलगत आहे. एका अंगाला माथेरानचा डोंगर आणि दुसऱ्या अंगाला राजमाचीची बाजू, या बेचक्यात सापडलेला आषाढातला ढग दौऱ्यावरच्या साहेबासारखा मुक्काम ठोकून बसतो. आठ-आठ दिवस सूर्यदर्शन घडत नाही, काडेपेटी घासून घासून गुळगुळीत होते, बरणीतले मीठ पाणी होऊन बसते, चपलांना हिरवी दाढी फुटते, आणि माणसाखेरीज इतर सर्व जिवांची भरभराट होते. त्यांतल्या ज्या जिवाने आमची ट्रंक आपल्या नावे चढवून घेतली होती, त्याला आपण कसर म्हणतो. या तीन अक्षरांत किती मंडळी कोंबलेली आहेत हे पाहिले, म्हणजे एका सातबाऱ्यावर सतरा हिस्सेदार असल्याची आठवण होते. पुस्तकांच्या पानांतून सळसळत जाणारी, मासोळीच्या घाटाची, जन्मभर बिनपंखांची ती एक कसर. लोकर आणि रेशीम खाणारी, जी वस्तुतः एका पतंगाची अळी आहे, ती दुसरी. आणि भिंतीवरून आपले घर पाठीशी घेऊन फिरणारी करड्या रंगाची ती तिसरी. शिवाय आमच्या दप्तरी भाषेत अरबीतून फारसीच्या मार्गाने आलेली जी कसर, म्हणजे तूट, ती चौथी. जमाबंदीच्या सुमारास वसुलीत कसर राहिली की आमचे मामलेदारसाहेब आम्हांस फैलावर घेत, आणि घरी आल्यावर ती कसर आम्ही काटकसरीने भरून काढीत असू. या दोन कसरींचे सख्ख्या बहिणींसारखे साटेलोटे आहे, हे मात्र ट्रंक उघडेपर्यंत माझ्या ध्यानी आले नव्हते.

मोजदाद सुरू झाली. प्रथम निघाली आजोबांची घोंगडी. साजगावला कार्तिकी एकादशीपासून बोंबल्या विठोबाची जत्रा भरते. विठ्ठलाच्या जत्रेत सुक्या बोंबलांचे ढीग लागावेत आणि देवानेही ते नाव बिनतक्रार धारण करावे, एवढी समन्वयबुद्धी आमच्या खालापूर तालुक्याबाहेर क्वचितच आढळेल. त्या जत्रेत आजोबांनी दोन दिवस घासाघीस करून घेतलेली ही काळी घोंगडी वडिलांनी जपली, मी जपली, आणि आता उजेडासमोर धरली तेव्हा तिच्यातून अंगणातला आंबा, गोठा आणि पलीकडचा विजेचा खांब इतका स्वच्छ दिसला की मला चष्म्याचीही गरज भासली नाही. पाठोपाठ माझा टसरचा मुकटा निघाला. कधीकाळी श्राद्धाच्या पंगतीत त्यावर खिरीचा ओघळ सांडला होता, आणि मोजणीदाराने शंकू लावून हद्द कायम करावी तसा नेमका तेवढाच तुकडा, ना बोटभर अधिक ना उणा, खाऊन फस्त झालेला होता. लोकरीच्या कोटाची कॉलर गेली होती. शेवटी पैठणी. तिचा पदर उलगडताना सौभाग्यवतींचा हात थांबला, कारण पदराची जरीची भुई जशीच्या तशी चकाकत होती आणि तीवर विणलेले रेशमी मोर मात्र उडून गेले होते. एकाची मान, दुसऱ्याचा तुरा आणि तिसऱ्याचे दोन पाय एवढाच ऐवज शिल्लक होता.

मी सांत्वनाचे दोन शब्द जुळवीत होतो. पण सौभाग्यवतींच्या मुद्रेवर शोकाऐवजी विजयाची कळा दिसू लागली. चाळीस वर्षांपूर्वी लग्नाच्या मांडवात, ही पैठणी अस्सल रेशमाची दिसत नाही, असा शेरा आमच्या मातुःश्रींनी मारला होता, आणि मीही दुर्दैवाने त्यास मान डोलावून अनुमोदन दिले होते. तो शेरा रेकॉर्डवरून कधीच कमी झाला नव्हता. "बघितलंत?" पदराची जाळी माझ्या नाकासमोर धरून त्या म्हणाल्या, "खोटं रेशीम असतं तर कसर शिवली असती का? आमच्या अण्णांनी दिली ती खरीच दिली होती."

ट्रंकेच्या तळाशी अकरा शाली होत्या. पेन्शनरांचा मेळावा, वाचनालयाचा वर्धापनदिन, शाळेचे स्नेहसंमेलन अशा निरनिराळ्या सत्कारसमारंभांत श्रीफळासहित मला अर्पण झालेल्या. नारळांची त्या त्या आठवड्यात आमटी झाली; शाली मी स्वहस्ते घडी करून, घडीत डांबरगोळी ठेवून जपल्या होत्या. अकराच्या अकरा शाली अक्षत होत्या, आणि माझ्या व्यवस्थेचे ते प्रशस्तिपत्र म्हणून मी पंचनाम्यात त्यांची खास नोंद घेतली. सौभाग्यवती त्या नोंदीकडे पाहून काहीच बोलल्या नाहीत. मौनाचा अर्थ संमती असा जो रूढ आहे, त्यावर विसंबून मी तो विषय मिटविला.

मग पुस्तके उघडली. त्यांतून कळले ते असे की, ज्या सोनेरी पाखराच्या मागे चप्पल घेऊन आपण धावतो, त्याने आपले काहीच खाल्लेले नसते. त्याला खाण्याजोगे तोंडच नाही. अन्नपाण्यावाचून काही दिवस काढावेत, वंशविस्तार करावा आणि इहलोकची यात्रा संपवावी, एवढेच त्याचे चरित्र. लोकर, केस, पिसे यांत जे केराटिन नावाचे चिवट द्रव्य असते ते पचविण्याचे सामर्थ्य फार थोड्या जिवांना आहे, आणि त्यांत या पाखराची अळी आहे. तिला काळोख हवा, शांतता हवी, आणि वस्त्रावर घामाचा, तेलाचा किंवा खिरीचा अंश असेल तर तो जेवणातल्या चटणी-कोशिंबिरीसारखा हवा. सुती कापड तिला निव्वळ उपासाचे वाटते. रेशमाच्या बाबतीत तर तिची बाजू कायद्यानेही दुबळी नाही. रेशीम हा मुळात एका पतंगाच्याच अळीने स्वतःभोवती विणलेला कोश. तो उकळत्या पाण्यात टाकून आपण धागा काढतो आणि वडिलोपार्जित म्हणून मिरवितो. आता त्याच कुळातली दुसरी अळी येऊन ती मालमत्ता आमच्या घराण्याची आहे असे म्हणू लागली, तर वारसाच्या दाखल्यावर हरकत घेणार कोण?

आमच्या सेवेचा उत्तरार्ध कुळकायद्याच्या प्रकरणांत गेला. १९४८ चा मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, त्यातला १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, आणि त्या दिवसाचे नाव घेऊन पुढे अनेक वर्षे धूळ खात पडलेल्या कलम ३२ गच्या फायली, यांवाचून रायगडच्या महसुली माणसाला दुसरे स्वप्न पडत नसे. ती सवय जात नाही. ट्रंकेपुढे बसल्या बसल्या मला दिसू लागले की, येथे मालक गैरहजर आहे, कब्जा दुसऱ्याचा आहे, वहिवाट अखंड व उघड आहे, आणि पैठणीतले पीक उचलून जरीचा खंडही इमानाने जागेवर ठेवलेला आहे. असे कूळ बेदखल कसे करावे? वर्षातून एकदाही मी त्या जमिनीकडे फिरकलो नव्हतो. आमची आजी दसरा झाला की सारे लोकरी-रेशमी कपडे अंगणात बाजेवर पसरी, उलटेसुलटे झटके, शिवणीवरून ब्रश फिरवी आणि दोन दिवस उन्हे देई; अंडी झडून जात, अळ्या उजेडाला भिऊन गळून पडत. ती अशिक्षित होती. आम्ही शिकलो आणि डांबरगोळ्या टाकून निश्चिंत झालो. त्या गोळ्यांची वाफ हवाबंद पेटीत साचली तरच उपयोगाची, आणि आमच्या ट्रंकेच्या झाकणातून पाल ये-जा करू शकते. शिवाय तान्ह्या मुलांना तो वास बाधतो, काहींच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्याने फुटतात, म्हणून बाळंतविड्याच्या कपड्यांत त्या गोळ्या ठेवूच नयेत, हेही याच वेळी कळले. लग्नाला मी कोट घालून गेलो. कॉलर मफलरखाली झाकली, पण वास झाकता आला नाही. पंगतीत माझ्या दोन्ही बाजूंची पाने शेवटपर्यंत रिकामी राहिली.

खरे पाहता कसर जपलेल्या वस्तूला लागते, वापरलेल्या नव्हे. घाटावरचा धनगर ऊन, पाऊस, झोप आणि भांडण या चारही प्रसंगी घोंगडी खांद्यावरून उतरवीत नाही, आणि त्याच्या खांद्यावरच्या घोंगडीला कसर लागल्याचे माझ्या ऐकिवात नाही. आमच्या आजोबांची घोंगडी मात्र झिजू नये म्हणून आम्ही कुडकुडत राहिलो.

येथवर प्रकरण कपड्यांपुरते होते. चैत्रात ते मुदपाकखान्यात शिरले. संध्याकाळी दिवा लागला की राखी रंगाची पाखरे स्वयंपाकघरातून यावीत आणि नळीभोवती घिरट्या घालून आमटीत पडावीत, असे सलग चार दिवस झाले, तेव्हा डब्यांची झडती घेतली. तांदळाच्या पिंपात हात घातला तर दाणे सुटे येईनात. कोळ्याच्या जाळ्यात गोवल्यासारखे दहा-दहा, वीस-वीस दाण्यांचे घोस निघू लागले. हा दोष सर्वस्वी माझा. जुना तांदूळ मोकळा होतो, फुलतो, पाहुण्याला वाढताना यजमानाची मान ताठ राहते, म्हणून मी दीड वर्षाचा तांदूळ राखून ठेवला होता. आमच्या कर्जतला १९१९ पासून भातसंशोधनाचे केंद्र आहे, कर्जत-१८४ सारखी जात या गावाचे नाव घेऊन कोकणभर गेली, अशा भूमीत राहून माणसाने तांदळाच्या बाबतीत इतके अडाणी असावे याची मला मनस्वी लाज वाटली. बांधाला बांध लागून असलेल्या तात्यांना बोलाविले. त्यांनी कणगीतले भाताचे चार दाणे उचलले, एक दाढेखाली धरला, आणि कानाला ऐकू येईल असा चावला. "कट्ट वाजलं पायजे, दादा. हे दबतंय. भात वाळलंच नाय नीट, मंग पाखरं नाय व्हणार तं काय व्हणार?" शेतकीच्या पुस्तकांत साठवणीच्या धान्यातला ओलावा बारा टक्क्यांवर जाऊ देऊ नये असे जे छापलेले असते, ते सारे तात्यांच्या एका दाढेत होते.

त्यांनी दुसरा दाणा माझ्या तळहातावर ठेवला. वरून तूस अखंड, रंग सोन्यासारखा. पण टोकापाशी टाचणीने पाडावे तसे एक वाटोळे भोक, आणि त्याच्या कडेला काजव्याच्या पंखाहून पातळ असे झाकण लोंबत होते. फुंकर मारली तर दाणा उडाला. आत काहीच नव्हते. कणगीतले हे पाखरू पिंपातल्याहून निराळे. याची अळी जन्मते, खाते, वाढते आणि कोशात जाते ती एकाच दाण्याच्या चार भिंतींत, आणि निघण्यापूर्वी आपल्या भावी पंखवाल्या रूपासाठी दार कोरून ठेवते. फ्रान्सच्या आंगूम्वा प्रांतात याने १७६० च्या सुमारास गव्हाची इतकी धूळधाण केली की तेथील विज्ञान अकादमीने द्युहामेल आणि तिये या आपल्या दोन सभासदांना मौक्यावर धाडले, आणि त्यांच्या चौकशीचा ग्रंथ १७६२ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन वर्षांत पाहणी, अहवाल आणि छपाई! आमच्या कचेरीत एवढ्या मुदतीत आवकजावकचा शिक्काही उठत नसे.

पिंपातल्या पाखराची हकीकत याहून विलक्षण आहे. त्याला घरातून हाकलण्यासाठी आम्ही कडुनिंबाचा पाला, वेखंडाचे तुकडे आणि निरगुडीच्या डहाळ्या घालून पिंपाचे आयुर्वेदिक औषधालय केले. आणि त्याच सुमारास कळले की कृषिविद्यापीठांच्या प्रयोगशाळांतून हेच पाखरू भरडलेली ज्वारी घालून मुद्दाम पोसतात. त्याची अंडी कागदाच्या कार्डावर चिकटवितात, एकेका कार्डावर सुमारे वीस हजार. त्या अंड्यांत ट्रायकोग्रामा नावाची डोळ्यांना धड न दिसणारी गांधीलमाशी आपली अंडी घालते, आणि अशी कार्डे भाताच्या किंवा उसाच्या शेतात टांगली म्हणजे त्यांतून निघालेल्या माश्या खोडकिड्याची अंडी शोधून निकालात काढतात. खोडकिडा म्हणजे तरी कोण? तीही एका पतंगाचीच अळी. भाऊबंदकीचा असा सरकारी उपयोग पेशव्यांच्या विरुद्ध इंग्रजांनीही केला नसेल. म्हणजे दीड वर्ष मी घरात एक प्रयोगशाळा चालविली, आणि तीही विनाअनुदान.

पतंगांच्या बाबतीत आपण मोठे पंक्तिप्रपंच करतो हेही येथेच नमूद करून ठेवतो. श्रावणात डोंगराच्या पायथ्याशी कोणाच्या ओसरीवर तांबूस रंगाचा, पसरल्या पंखांनी वीतभर भरणारा ॲटलास पतंग येऊन बसला की गाव लोटतो, मोबाइल निघतात, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्र येते. त्यालाही तोंड नाही, तोही चार दिवसांचा सोबती. आणि आमच्या न्हाणीघराच्या भिंतीवरून भोपळ्याच्या बीएवढी करडी पिशवी जी रोज फिरते, तिच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. मी एकदा भिंग घेऊन बसलो. वाळूचे कण, धुळीचे तंतू आणि रेशीम यांची ती चपटी पिशवी दोन्ही टोकांना उघडी असते. एका टोकातून काळसर डोके बाहेर आले, तीन जोड्या पायांनी भिंत पकडली आणि बिऱ्हाड पुढे ओढले. मी काडी आडवी धरली. डोके आत गेले, पिशवी क्षणभर फुगली, आणि दुसऱ्या टोकातून तेच डोके बाहेर येऊन उलट दिशेने चालू लागले. पक्षांतराची इतकी सोयीस्कर व्यवस्था मी आजवर पाहिली नव्हती. ती बिचारी कोळिष्टके, गळलेले केस आणि मेलेले किडे खाऊन राहते. शेजारी एका मुंबईकरांचा बंगला आहे. शनिवार-रविवार सोडून पाच दिवस कुलपात. त्यांनी गालिच्याला कसर लागली म्हणून औषध फवारणाऱ्या मंडळींना पाचारण केले, तीन महिन्यांच्या मुदतीचे हमीपत्र घेतले आणि ते काचेच्या चौकटीत बसवून दिवाणखान्यात टांगले. गेल्या महिन्यात चौकट पुसण्यासाठी उतरविली, तर मागच्या बाजूस अशाच नऊ पिशव्या ओळीने लटकत होत्या.

शेवटी अचूक उपाय सापडला तो थंडीचा. वस्तुसंग्रहालयांतून जुनी वस्त्रे प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून शून्याखाली अठरा अंशांच्या आसपास निदान आठवडाभर ठेवतात, त्यात अंड्यांसह सर्वांचा निकाल लागतो, असे वाचून आम्ही उरलेली पैठणी, मुकटा आणि तांदळाच्या दोन पिशव्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात ठेवल्या. वैशाखात जावई आले. रसाची तयारी चालली होती, म्हणून बर्फ काढावयास ते स्वतःच उठले, आणि बऱ्याच वेळाने रिकाम्या हाताने परत येऊन मुलीला हलक्या आवाजात विचारते झाले, "आईंची तब्येत बरी आहे ना?" त्याच रात्री वळवाचा पाऊस झाला, चौदा तास वीज गेली, आणि थंडीच्या शिक्षेत अळ्यांना मध्येच सूट मिळाली. आम्ही पुन्हा आठवडा मोजावयास प्रारंभ केला.

राहता राहिल्या त्या शाली. शिक्षा भोगण्यासाठी त्यांनाही कप्प्यात टाकावे, असे मी सुचविले, तेव्हा सौभाग्यवतींनी मार्गशीर्षात राखून ठेवलेले मौन सोडले. "त्यांना कशाला जागा अडवायची? घोंगडी खाल्ली, मुकटा खाल्ला, कोट खाल्ला, माझी पैठणी खाल्ली. शेजारी अकरा शाली होत्या, त्यांना तोंडसुद्धा लावलं नाही. त्या लोकरीच्या असतील असं अजून वाटतंय तुम्हाला?" केराटिनाचा परिच्छेद मीच त्यांना मोठ्याने वाचून दाखविला होता. कृत्रिम धाग्याला ही अळी पोटासाठी शिवत नाही, हे वाक्यही त्यातच होते. अकरा संस्था, अकरा अध्यक्ष, अकरा भाषणे, आणि त्या प्रत्येक भाषणातले माझ्या निःस्पृह सेवेविषयीचे गौरवोद्गार माझ्या डोळ्यांपुढून ट्रंकेतल्या पाखरासारखे तुरुतुरु धावत गेले.

गेल्या अक्षय्य तृतीयेला तालुक्यातल्या आणखी एका मंडळाने माझा सत्कार केला. ही मात्र अस्सल पश्मिना आहे हं, असे चिटणिसांनी शाल खांद्यावर घालताना कानात सांगितले. घरी आल्यावर ती मी डांबरगोळीवाचून, ट्रंकेत अगदी वर, घोंगडीच्या शेजारी ठेवली. त्याला आता वर्ष होत आले. दर पंधरवड्यास झाकण उघडून, चष्मा लावून, शाल उजेडासमोर धरून मी पाहतो. अद्याप एकही भोक नाही.